मोऱ्या, उंबऱ्यावरचा धवळा राहिला

मोऱ्या, तुझ्या बहिणीने माझ्याकडे एक गाणं मागितलं. एकच, पण पूर्ण. "सुधीर, तेराव्याला लोक येतील. त्याने केलेलं एखादं गाणं लावू या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत असलेलं कुठलंही चालेल," सुमनताई म्हणाली. किती साधी मागणी! ज्याने तुझं जन्मभराचं रेकॉर्डिंग केलं त्याने असं गाणं चुटकीसरशी काढून द्यायला हवं. मी "हो हो, त्यात काय" म्हणून मोकळा झालो. मग स्टुडिओचं दार लावून घेतलं आणि एकेक हार्ड डिस्क जोडत गेलो. माळ्यावरच्या जुन्या कॅसेटीसुद्धा खाली काढल्या. आणि तुझ्या नावाने बोंब मारली. एवढ्या ढिगाऱ्यात तुझं एक गाणं पूर्ण नाही रे! एक नाही!

प्रत्येक टेक कुठे ना कुठे तुझ्याच आवाजाने तुटलेला. छान चाललेलं असतं, तबला बसलेला असतो, गाणारी मुलगी डोळे मिटून अंतऱ्याला पोचलेली असते, आणि तू ओरडतोस, "थांबा!" पुढे कारण. "थांबा, तबला रुसलाय." "थांबा, हिला शब्दांचा अर्थ कळला, आता ही गाणार नाही, समजावून सांगणार." "थांबा रे, सुध्या, कुठून तरी फोडणीचा वास येतोय." फोडणीचा वास कधी रेकॉर्ड होतो का? मी तेव्हाही विचारलं होतं. त्या डिस्कवर माझा आवाजही आहे, "अरे बाबा, वास माइकमध्ये शिरत नाही!" आणि तुझं उत्तर, "गळ्यात शिरतो." ऐकता ऐकता मी हेडफोन टेबलावर आपटला. तो तुटला. तो दोषही तुझाच.

भेटायला येणारे लोक म्हणतात, "अवलिया होता हो." म्हणायला काय जातंय! अवलियाच्या मागून वायरी गुंडाळत फिरावं लागलं असतं म्हणजे कळलं असतं. गाण्याच्या गुरूंकडे राहून इतकी वर्षं ख्याल शिकलास. दोन तास बैठक मारलीस तर समोरचा माणूस उठायचा नाही. तसं गात राहायचं सोडून पनवेलला परत आलास आणि चाली बांधायला लागलास. बरं, बांधल्यास तर बांधल्यास, त्या लिहून तरी ठेवायच्या. "कागदावर ठेवलं की सुकतं," तू म्हणायचास. मी म्हणायचो, "बोंबीलही सुकवतात, म्हणून तर पावसाळ्यात खायला मिळतात." तू खो खो हसायचास, माझ्या डब्यातला सुका जवळा चाटूनपुसून संपवायचास, आणि नोटेशनची एक ओळ लिहायचा नाहीस. आज मी बोंबलतोय ते त्यासाठीच.

आणि तो कुकर! खांदा कॉलनीतला माझा स्टुडिओ म्हणजे तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. मी भिंतींना फोम लावला, थर्माकोल लावला, लग्नातल्या जुन्या गाद्यासुद्धा ठोकल्या. तरी वरच्या घरातली कुकरची शिट्टी यायचीच. दुसऱ्या कुणी शिव्या दिल्या असत्या. तू डोळे मिटून म्हणालास, "पेटीतली काळी दोन आहे. स्थिर आहे. तंबोरा हिला लावा." गाणाऱ्या मुलीचा सूर काळी चार, म्हणजे पुष्कळ वरचा. ती रडकुंडीला आली. "सर, मला एवढं खाली नाही जमत." "मग वर जाऊन कुकरला सांग," तू म्हणालास. पुढे त्या लोकांनी नवा कुकर घेतला तर तू त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलास, जुना परत वापरता का म्हणून. त्या काकूंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "हे तुमचे मित्र बरे आहेत ना?" मी काय सांगणार, कपाळ! कुकरच्या सुरावर गायलेल्या त्या बंदिशीचा टेक अजून आहे माझ्याकडे. मोऱ्या, सुंदर आहे रे तो. ती मुलगी खालच्या सुरात जे गायलीय ते पुन्हा कधी गायली नाही. आणि दुसऱ्या अंतऱ्याला तू ओरडलास, कारण तिसरी शिट्टी झाली नाही. त्यांचा भात दोन शिट्ट्यांत झाला, त्याला मी काय करू?

खरं सांगायचं तर तू आलास तेव्हा मी वाढदिवसांची गाणी करत होतो. दादांचा वाढदिवस, भाईंचा वाढदिवस, ढोल तोच, फक्त नाव बदलायचं. धंदा चालला होता. तुझ्यामुळे मला ऐकायची खोड लागली आणि मग ती गाणी करताना माझाच कान मला शिव्या द्यायला लागला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात तू मला भर उन्हात उभा केलास. सळयांची मोळी ट्रकमधून खाली टाकतात तेव्हा शेवटची सळई किती वेळ वाजत राहते ते ऐक म्हणालास. हमाल आपल्याकडे बघून हसत होते. मी वैतागलो होतो, धुळीने माझा चांगला माइक गेला होता. पण ती शेवटची सळई मी ऐकली. त्यानंतर मला कुठलाही आवाज नुसता आवाज म्हणून ऐकता आला नाही. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू आणखी डोक्यावर बसला असतास.

मग तुला धवळ्यांचं वेड लागलं, तेही आमच्याच घरच्या लग्नात. आम्ही आगरी. आमच्यात लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यावर. मांडव घालण्यापासून नवरा घराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीला वेगळा धवळा, आणि तो गाणारी बाई म्हणजे धवलारीण. ती म्हणेल तेव्हा हळद लागणार, ती थांब म्हणेल तेव्हा नवऱ्याच्या बापानेही थांबायचं. आम्ही जन्मापासून हे ऐकत आलो, म्हणजे कधीच ऐकलं नाही. जेवणाची पंगत कधी बसते इकडे लक्ष. माझ्या भाच्याच्या लग्नाला तू जेवायला म्हणून आलास. धवलारीण चांगुणामावशी पाटाशेजारी बसून गात होती. तू ताट हातात घेऊन उभाच राहिलास. वरणात भात कालवलेला तसाच. "सुध्या, ही बाई कुठल्या जागेवरून सूर उचलतेय बघ," एवढंच म्हणालास. तुझ्या घरात पिढ्यान् पिढ्या भिक्षुकी, आणि तू एका आगरी बाईला पौरोहित्य करताना बघून तिच्या पायाशी जाऊन बसलास. माझी आई म्हणाली, "या बामनाला जेवू तं दे आदी."

त्या दिवसापासून चांगुणामावशी जिथे जाईल तिथे आपण. चिरनेरच्या अलीकडे तिचं गाव. तिथून ती पनवेल, उरण, कुठे कुठे लग्नं लावत फिरायची आणि मागून तू आणि मी, माइकची बॅग घेऊन. लोक मला व्हिडिओवाला समजायचे. तुझा बेत मला तोंडपाठ होता. एका लग्नाचे सगळे धवळे, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, मावशीच्या आवाजात. आणि कडव्यांच्या मधे ती श्वास घेते त्या जागेत तुझ्या चालीची सारंगी, एवढीशी, तिच्या गाण्याला धक्का न लावता. बेत चांगला होता. मी आजही म्हणतो, चांगला होता. लग्नात तुला "थांबा" ओरडता येत नव्हतं, त्यामुळे मावशीचे धवळे तरी माझ्याकडे अखंड आहेत. सारंगीच्या जागा मात्र स्टुडिओत भरायच्या होत्या, आणि तिथे तू दर वेळी वेगळी चाल गुणगुणायचास. सारंगीवाला बिचारा विचारायचा, "कालचं की आजचं?" तू म्हणायचास, "उद्याचं."

त्यात एक धवळा मुळात मिळतच नव्हता. उंबऱ्यावरचा. नवरा बाशिंग बांधून घरातून निघतो, उंबरा ओलांडतो, तेव्हाचा. मावशी पहिली ओळ उचलते, उंबऱ्याला भाऊ म्हणून हाक मारते, वाट दे म्हणते, आणि बरोबर त्याच क्षणी बाहेर बेंजोवाला सुरू होतो. नवरा दिसला की बेंजो, हा नियम आहे. आता तर बेंजोच्या जोडीला डीजेचा टेम्पो. काचा हादरतात. मावशीचे ओठ हलताना दिसतात, ऐकू काही येत नाही. माझ्याकडे त्या धवळ्याची कितीतरी रेकॉर्डिंगं आहेत आणि सगळी एक ओळ आणि पुढे धडाम. ते गाणं पुढे काय म्हणतं हे मांडवातल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं. मावशीला विचारलं तर म्हणायची, "गाताना येतं. सांगताना नाय येत."

इथेच आपली जुंपली, आणि ती अजून मिटलेली नाही. मी म्हणालो, नवऱ्याच्या बापाला सांगू, पाच मिनिटं बेंजो थांबव. पाच मिनिटांत कुणाचं लग्न मोडत नाही. तू म्हणालास, "त्यांच्या घरचं लग्न आहे, सुध्या. आपलं रेकॉर्डिंग नाही." बरं, मग मावशीला स्टुडिओत आणू. तर मावशी म्हणाली, "लगीन नसताना धवला गात नाय. देव येऊन बसतो आनि बगतो तर नवरा नाय, मंग?" तू तिच्या बाजूने. मी एकटा पडलो. "मग ते गाणं मिळणार कसं?" मी ओरडलो. "मिळेल कधीतरी," तू म्हणालास. तुझ्या त्या "कधीतरी"ने माझं रक्त आटवलंय, मोऱ्या. माणसाच्या हातात काय अख्खा जन्म पडलेला असतो?

म्हणून मी ते लग्न केलं. हो, खोटं. आणि आजही मला त्याचं काही वाटत नाही. स्टुडिओच्या पार्किंगमध्ये मांडव घातला, आंब्याचे डहाळे बांधले, पाट मांडला, हळद कुटली. एकांकिकांत काम करणारा एक पोरगा नवरा म्हणून बसवला. नवऱ्याची आई म्हणून माझी बायको. तिला नथ काय शोभत होती! माइक आंब्याच्या पानांत लपवला. मावशी रिक्षातून उतरली, नवी नऊवारी, पानाने तोंड लाल. मांडव बघून खूश झाली. पाटाशेजारी बसली आणि नवऱ्याच्या कपाळाला हळद लावत सहज विचारलं, "पोरा, कुनाचा तू?" पोरगा नट. त्याने बापाचं नाव दिलं ठोकून. "आनि नवरी कंच्या गावची?" नटाचे संवाद संपले. तो माझ्याकडे बघतो, मी बायकोकडे बघतो. बायको म्हणाली, "जासईची." मावशी म्हणाली, "जासईला तर मी परवा व्हते. कुनाच्या घरची गं?"

आणि तू, कोपऱ्यात गप उभा असलेला माणूस, पुढे येऊन म्हणालास, "मावशी, उठा. सगळं खोटं आहे."

मावशी आधी हसली. "येडे झाले का रं तुमी?" म्हणाली. मग आपल्याच पदराने त्या पोराच्या कपाळावरची हळद पुसून काढली. "खोटी हलद लावू नये बाबा, मंग खरी लागत नाय," असं म्हणून चहा पिऊन गेली. पोरगा असा घाबरला की विचारू नकोस. त्याचं अजून जमलेलं नाही आणि तो भेटेल तिथे मला धरतो.

तू मांडव सोडत होतास, एकेक सुतळी नीट गुंडाळत, आणि मी पार्किंगमध्ये आरडाओरडा करत होतो. "दोन मिनिटं तोंड मिटून बसला असतास तर गाणं मिळालं असतं!" तू म्हणालास, "ते मग जन्मभर माझ्या कानात खोटं वाजलं असतं." मी म्हणालो, "तुझ्या कानात नाहीतरी काय काय वाजतं!" अख्खा पावसाळा आपण बोललो नाही. मग गौरी-गणपतीत तू काहीच झालं नाही अशा थाटात मोदक खायला आलास. तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. पण मी माझं म्हणणं सोडलेलं नाही, सांगून ठेवतो. बाई म्हातारी. खोकला. दर लग्नात आवाज थोडा खाली उतरलेला. अशा वेळी खरंखोटं करत बसायचं की मिळेल ते पदरात पाडून घ्यायचं? आंधळाही सांगेल.

मावशीच्या काळजीने आपण दोघं अर्धे झालो होतो. सकाळी तुझा फोन यायचा तो नमस्कार नाही चमत्कार नाही, थेट, "मावशी बरी आहे ना?" तिच्या नातीचा, प्रणालीचा नंबर आपण दोघांनीही फोनमध्ये सगळ्यात वर ठेवला होता. मावशीला ताप आला तर तू गाडी करून तिला डॉक्टरकडे नेलंस. आणि स्वतःच्या छातीत दुखत होतं तेव्हा? ॲसिडिटी! लिंबू-सोडा पीत बसलास. गाढवा, हाडाच्या गाढवा, एक कार्डिओग्राम काढायला काय झालं होतं तुला? मग एका सकाळी फोन वाजला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा मावशीचं नाव आलं. तुझ्या शेजाऱ्यांचा होता. ते "तुमचे मित्र" म्हणत होते आणि मला बराच वेळ कळतच नव्हतं की ते कुणाबद्दल बोलतायत.

तर तेरावं. तुझा तो न्यू पनवेलचा फ्लॅट मी पहिल्यांदा आवरलेला बघितला. तंबोऱ्याला कुणीतरी हार घातला होता, तो मी काढला. तुला तो आगाऊपणा आवडला नसता. हॉलमध्ये तुझा फोटो, त्यातही तू कुणावर तरी वैतागलेला. गुरुजी आले होते विधीला, तुझे काही शिष्य, बिल्डिंगमधले लोक. मी स्पीकर लावले होते आणि लोकांना दोन शब्द बोलायला एक माइक. धवळे लावायचा प्रश्नच नव्हता, तेराव्याला लग्नाची गाणी कशी वाजवणार? शेवटी ती कुकरची बंदिश लावली. तुझं "थांबा" कापून टाकलं आणि आवाज हळूहळू विरत नेला, जणू काही गाणं तिथेच संपतं. लोकांनी माना हलवल्या. सुमनताई मात्र माझ्याकडे बघत राहिली. "एवढंच? असं संपतं हे?" मी हो म्हणालो. ती आत जाऊन श्रीखंडाची पातेली झाकून आली.

तेवढ्यात प्रणाली मावशीला धरून वर घेऊन आली. लिफ्ट बंद होती. ती बाई तीन जिने चढून आली, मोऱ्या, बसत बसत. आली ती थेट तुझ्या फोटोसमोर बसली आणि बराच वेळ नुसती धापा टाकत होती. मग सुमनताईला म्हणाली, "सुतक फिटलं ना तुमचं?"

"हो. आज गोडाचं आहे. जेवूनच जायचं."

"याचं लगीन झालं व्हतं?"

सुमनताई म्हणाली, "छे हो. आईने किती स्थळं आणली. एकीचा आवाज चिरका म्हणाला, दुसरी बेताल चालते म्हणाला. नाही केलंन शेवटपर्यंत."

"मंग तसाच नेला?"

मावशी माझ्याकडे वळली. "तू तं आगऱ्याचा ना रं? तुजी आय असती तं तिनं सांगितलं असतं. आमच्यात पयले बिनलग्नाचा पोरगा गेला, तं रुईच्या झाडाशी त्याचं लगीन लावत. मंग नेत. याला तसाच काढला तुमी भायेर."

गुरुजी खाकरून म्हणाले, "आजी, आमच्यात तसं नसतं."

"तुमच्यात नसंल," मावशी म्हणाली. "पन गानं तं आमचं घेत व्हता ना तो? प्रणाली, खाली जाऊन बघ गं, गटाराच्या कडंला रुई असंल."

मला वाटलं आता सुमनताई भडकणार. ती स्वयंपाकघरात गेली आणि हळदीचा डबाच घेऊन आली, चमच्यासकट. अर्धी हळद तिच्या साडीवर सांडली. प्रणालीने कंपाउंडजवळून रुईची फांदी आणली, जांभळी फुलं असलेली. मावशीने हळद कालवली, तुझ्या फोटोतल्या वैतागलेल्या कपाळाला लावली, रुईला लावली. माझ्याकडे बघून म्हणाली, "ही खरी हाय." मग सुमनताईला म्हणाली, "उचल याला. भैनीनं काढायचा भायेर."

सुमनताईने फोटो आणि फांदी उराशी धरली आणि दाराशी गेली. मावशी भिंतीला धरून उठली. मोऱ्या, मी माइकचा स्टँड उचलून दाराशी नेला आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. मला लाज वाटली नाही. मला रडूही येत नव्हतं, हे खरं सांगतो. माझं सगळं लक्ष रेकॉर्डरच्या लाल आकड्यांकडे होतं.

आणि मावशीने उंबऱ्यावरचा धवळा उचलला. तुझ्या उंबऱ्यावर, मार्बलच्या त्या पट्टीवर. भाऊ म्हणाली त्याला, वाट दे म्हणाली. जिन्यात खालून वर येणारे लोक जागच्या जागी थांबले. कुणीही काही सांगितलं नव्हतं. वरून एक विमान गेलं, नवा विमानतळ झाल्यापासून जातातच. तिने आवाज चढवला नाही. पहिली ओळ संपली. मी सवयीने खांदे आकसले. मग दुसरी ओळ आली. मोऱ्या, मी ती जन्मात पहिल्यांदा ऐकली. आमच्यातल्या कितीतरी पोरांची लग्नं त्या ओळींवर लागली, माझं स्वतःचं लागलं, आणि आम्ही कुणी त्या ऐकल्या नव्हत्या. तिथे मावशी उंबऱ्याला सोडून नवऱ्याशी बोलायला लागते. तुझी आई दारात उभी आहे म्हणते. ती हसतेय असं तुला सांगतील म्हणते. मागे वळून बघू नकोस, बघितलंस तर पाय उचलणार नाही. पुढे सरळ जा, वाट तुझी आहे. असं ते गाणं आहे. शेवटी शेवटी मावशीचा श्वास पुरत नव्हता, ती एकेका शब्दावर टेकत गेली, पण शेवटपर्यंत गेली. सुमनताई फोटो घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती आणि हुंदके तोंडावर पदर दाबून गिळत होती, गाण्यात येऊ नयेत म्हणून.

मिळालं. पूर्ण मिळालं. स्वच्छ, अखंड, बेंजोशिवाय. आणि खरं लग्न. तुला हवं होतं अगदी तसं. फक्त एक माणूस ऐकायला हजर नव्हता. सगळ्या गावाच्या लग्नात जाऊन तू हे गाणं शोधलंस आणि ते तुझ्याच लग्नात गायलं गेलं, तेव्हा तू नाहीस! याला काय म्हणायचं, मला सांग. मी तिथेच जिन्यात बसलो आणि मग मात्र ढसाढसा रडलो. रागाने रडलो. मावशी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "रडू नको रं. मांडवात रडत नाय." नंतर ती श्रीखंड-पुरी जेवली, दोनदा घेऊन.

आता मी स्टुडिओत बसलोय. मावशीने कडव्यांच्या मधे श्वास घेतलाय त्या जागा मोकळ्या आहेत. तिथे तुझी सारंगी यायची होती. तू गुणगुणलेल्या सगळ्या चाली मी एकापुढे एक लावून ऐकल्या आणि कुठली खरी ते तूच सांगू शकत होतास. म्हणून मीच एक निवडली. सारंगीवाल्याला उद्या बोलावलंय. बहुतेक मी चुकीची निवडलीय. तुझा संताप झाला असता, टेबलावर मूठ आपटली असतीस. पण आता गाणं पूर्ण होणार आणि मी ते सुमनताईच्या हातात देणार. मावशीने तुला सांगितलंय, मागे वळून बघू नकोस म्हणून. मी सांगितलेलं नाही. तू एकदा बघ.